पालीच्या पुंजीवर परदेशी गेलेला शिक्षक : आचार्य धर्मानंद कोसंबी



उदगीर, देगलूर, अहमदपूर या भागांतील आपल्या कुटुंबांत अलीकडे एक नवा प्रश्न निघू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी एम. ए., बी. एड. झाली. इकडे संस्थांच्या शाळांत जागा निघत नाही, निघाली तर तिचा भाव सांगितला जातो. मग कुणीतरी सांगतो की आखातात, मालदीवमध्ये, थायलंडमध्ये आपल्याकडचे शिक्षक घेतात, पगारही बरा असतो. घरात आई गप्प बसते, वडील कर्जाचा हिशेब मांडतात, आणि मुलगा पासपोर्टच्या मागे लागतो. जावे की न जावे हे आम्ही सांगणार नाही. पण परदेशी शाळा-विद्यापीठांत मास्तरकी करायला गेलेला, आणि आपल्या धम्माच्या भाषेच्या बळावरच गेलेला, एक मराठी माणूस होऊन गेला. त्याचे चरित्र तुमच्या घरात वाचले जावे म्हणून हा लेख लिहिला आहे. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

तुम्ही प्रथम विचाराल की हे तर गोव्याचे सारस्वत ब्राह्मण, यांचे चरित्र आपल्या पाक्षिकात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे येईल, आणि ते सरळसोट नाही.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. घरी नारळाची बागायत होती. सात भावंडांत ते धाकटे. पोर्तुगिजांच्या राज्यात मराठी शिक्षणाची सोय जेमतेम. थोडेफार मराठी शाळेत झाले तेवढेच. प्रकृती नाजूक आणि डोके पुस्तकात, त्यामुळे बागायतीत मन लागेना. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८९१ मध्ये लग्न होऊन गेले. पत्नीचे नाव बाळाबाई. तेव्हा ते पुरते पंधरा वर्षांचेही नव्हते.

अशा या अर्धवट शिकलेल्या तरुणाच्या हाती 'बालबोध' नावाचे मुलांचे मराठी मासिक पडले. त्यात भगवान बुद्धांवर लहानसा मजकूर होता. त्याने या माणसाच्या आयुष्याची दिशा बदलली. आपल्यापैकी ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घरातले देव्हारे हलवले, त्यांना हे लगेच उमजेल. आपल्याकडे तो बदल एका महामानवाच्या शब्दाने एकदम लाखोंच्या घरात झाला, त्यांच्याकडे तो एका पोरमासिकाच्या पानाने एकट्याच्या मनात झाला. बुद्ध मुळातून वाचायचा हे त्यांनी ठरवले. पण मूळ कुठे आहे हे सांगणारा गोव्यात कुणी नव्हता. पाली हे नावसुद्धा त्यांनी नीट ऐकलेले नव्हते. आधी संस्कृत शिकू, मग पुढचे पाहू, एवढ्या अंदाजावर १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी माणिक होती.

येथे थोडे थांबू या. बाळाबाईंचे काय झाले, हे अशा चरित्रांत एका ओळीत आटोपण्याची आपल्याकडे खोड आहे. नवरा सांगून-न सांगून निघून गेलेला, पदरी लेकरू, गावाची तोंडे उघडी. सहासात वर्षे त्या बाईने ते सोसले. कोसंबींनी स्वतःच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आपला हा भाग लपवलेला नाही; पुस्तक १९२४ मध्ये निघाले आणि आजही मिळते. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे नाव घेऊन कुणी घर टाकू लागला तर आपण त्याला आधी यशोधरेचे काय, असे विचारले पाहिजे. आज परदेशी जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी आणि बायकांनी तर तो प्रश्न विचारावाच. करारात कुटुंबाचा व्हिसा आहे की नाही, हे पगाराच्या आधी बघण्याचे कारण तेच आहे.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. पुढे उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले आणि संस्कृत शिकू लागले. काशीत पोट कसे भरले? अन्नछत्रात जेवून. हे अन्नछत्र कुणासाठी होते, हे तुम्हाला सांगायला नको. खिशात दिडकी नसलेला ब्राह्मण मुलगा १९०० साली गोव्याहून काशीपर्यंत जाऊ शकत होता, वाटेत कुठेतरी पान मांडले जाईल या भरवशावर. त्याच साली उदगीर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. तिथल्या महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला मुलगा तितक्याच तळमळीने निघाला असता, तर पहिल्याच मुक्कामी त्याला जात विचारली गेली असती आणि पाणीसुद्धा वरून ओतले गेले असते. कोसंबींचे कष्ट खरे आहेत. त्यांच्या पायाखालची वाट मात्र जन्मानेच अर्धी झाडलेली होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

१९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धांच्या जन्मभूमीजवळ तरी धम्म जिवंत असेल ही आशा होती. तिथले बौद्ध आचार पाहून त्यांची निराशा झाली. तेथून बुद्धगयेला आले, तेव्हा खरा पत्ता मिळाला : मूळ बुद्धवचन पालीत आहे आणि पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला गेले पाहिजे. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत घेऊन ते कोलंबोस पोचले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि त्रिपिटकाचा अभ्यास सुरू केला. अन्न मानवेना, प्रकृती ढासळली, पण पाली आली. त्याबरोबर सिंहली लिपीही आली. नंतर ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यान केले, आणि ब्रह्मी ग्रंथ त्या लिपीत वाचण्याची सवय केली.

(सिंहलाविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. तिथला सियाम निकाय हा भिक्षुसंघ उपसंपदा गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरतीच राखून ठेवीत आला. चीवराखालीही जात लपून राहू शकते. बाबासाहेब बौद्ध देशांकडे डोळे उघडे ठेवून पाहत असत त्याचे एक कारण हेच असणार.)

या लिप्यांची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच त्यांची नोकरी ठरली. त्या वेळी कोसंबींच्या मनात नोकरी नव्हती. त्यांना फक्त ग्रंथ वाचायचा होता. परंतु १९०६ साली भारतात परतल्यावर दिसले की संस्कृत, पाली, सिंहली लिपी आणि ब्रह्मी लिपी असा चौफेर संच ज्याच्यापाशी आहे असा माणूस देशात जवळजवळ नाही. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, मॅट्रिकसुद्धा नव्हती. इंग्रजी मोठेपणी मिळेल तसे शिकलेले. तरी कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. चीवर उतरवून ते गृहस्थ झाले. बाळाबाई कलकत्त्यास आल्या. १९०७ च्या जुलैत मुलगा दामोदर जन्मला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर ओळखला गेला.

आता चरित्राचा तो भाग येतो जो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०८ च्या सुमारास कोसंबींना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देण्याचे मान्य केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यात याहून कितीतरी अधिक मिळत होते. ते सोडून कोसंबी या ५० रुपयांवर महाराष्ट्रात आले, कारण त्यांना मराठी माणसाला मराठीत बुद्ध सांगायचा होता. बडोद्यात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. त्रिशरणाचा अर्थ मराठीत इतक्या सोप्या भाषेत तोवर कुणी लिहिला नव्हता.

आणि याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधरास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तेही तीन वर्षेच, दिले. तिथे अट निराळी होती : परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करावी. १९१७ साली बाबासाहेब ती अट पाळायला बडोद्यास गेले तेव्हा काय घडले, ते तुमच्या घरातले लहान मूलही सांगेल. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत बसून त्या विद्वानाने अश्रू ढाळले. राजा एक, तिजोरी एक. पदवी नसलेल्याला त्या पैशावर सुखाने लिहिता आले. परदेशची उच्च पदवी आणलेल्याला त्याच राज्यात रात्र काढता आली नाही. कोसंबींचा यात काही दोष नाही. पण आपण त्यांचे चरित्र वाचताना ही दुसरी हकीकत शेजारी ठेवूनच वाचतो, आणि तशीच वाचली पाहिजे.

असो. मूळ कथेकडे वळू.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन नावाचे गृहस्थ बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या महाग्रंथाचे संपादन करीत होते. शरीराने अतिशय पंगू, पण पालीचे मोठे जाणकार. १८९९ मध्ये ते वारले आणि काम अर्धवट पडले. हस्तलिखिते सिंहली व ब्रह्मी लिपीतली. ती वाचून, पाठ ताडून, ग्रंथ पुरा करणारा माणूस तिथल्या प्राध्यापकांना मिळेना. हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांची कोसंबींशी ओळख झाली. त्यांनी शब्द टाकला आणि १९१० साली कोसंबी इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले.

मुलांनो, यात तुम्हाला काही सापडते का पाहा. जाहिरात बघून अर्ज करून ते गेले नाहीत. जे काम अडून बसले होते ते नेमके त्यांना येत होते. आजही परदेशातल्या शाळा मुख्यतः गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे शिक्षक शोधतात आणि शिकवण्याचा अनुभव पाहतात. सर्वांना येते तेवढेच येणाऱ्याची रांग लांब असते. बी. एड. च्या जोडीला असा एखादा विषय किंवा भाषा कमवा की ती शिकवणारा सहज मिळत नाही. उदगीर हे कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेवरचे गाव. आपल्या पोरांना मराठी, दखनी, थोडी कन्नड, थोडी तेलुगू खेळता खेळता येते. याला आपण विद्या म्हणत नाही, पण भाषा उचलण्याची ती सवय परक्या देशात उपयोगी पडते.

हार्वर्डमध्ये कोसंबींनी दोन वर्षे मान मोडून काम केले. विभागाचे प्रमुख प्राध्यापक चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे मोठे पंडित. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे छापायचे यावरून दोघांत मतभेद झाला. ज्याने ओळ न् ओळ तपासली त्याचे श्रेय पुरेसे मान्य होत नाही असे कोसंबींना वाटले. वुड्स यांनी मध्यस्थी करून पाहिली. पण १९१२ मध्ये कोसंबी ग्रंथ तसाच ठेवून परत आले. पगार वेळेवर मिळत होता, विद्यापीठ जगातले नामांकित होते, तरी माणूस निघून आला. आपल्यातल्या काहींना हा हट्ट वाटेल. आम्हाला तो वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बापजाद्यांनी गावाची कामे केली आणि नाव पाटलाचे झाले. कामावर आपले नाव असावे यासाठी भांडणे ही काय चीज आहे, हे आपल्याइतके कुणाला कळेल? त्याच वेळी वुड्स यांच्याबरोबर त्यांचे संबंध उत्तम राहिले. मज्झिमनिकायावरील 'पपञ्चसूदनी' या अट्ठकथेचे संपादन त्या दोघांनी मिळून केले, आणि १९२२ पासून लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने ते दोघांच्याही नावांनी छापले. म्हणजे गोरे साहेब सगळे सारखे, असेही नाही.

तेव्हा करार लेखी घ्या. कोणते काम, किती तास, किती पगार, राहण्याची सोय कुणाची, वर्षाअखेर परतीचे भाडे कोण देणार, हे कागदावर असल्याशिवाय घरचे सोने मोडू नका. पदवीची मूळ प्रमाणपत्रे साक्षांकित होऊन परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मिळायला वेळ लागतो. ते आधी करून ठेवा. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची भारत सरकारकडे नोंदणी असावी लागते. ती नसेल तर तो नात्यातला असला तरी त्याला पैसे देऊ नका. आणि पोचल्यावर मूळ पासपोर्ट कुणी मागून ठेवू लागला तर सावध व्हा.

परतल्यावर कोसंबी १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय यावा म्हणून डॉ. भांडारकरांनी खटपट केली आणि शिकवायला कोसंबी उभे राहिले. या सहा वर्षांचे मोल आम्ही त्यांच्या साऱ्या परदेशवाऱ्यांपेक्षा जास्त मानतो. चिं. वि. जोशी, ना. के. भागवत, पु. वि. बापट हे त्यांचे विद्यार्थी. पाली शिकवणाऱ्यांची अख्खी फळी तिथे तयार झाली. यांपैकी बापटांनी १९५६ साली, बुद्धांच्या अडीच हजाराव्या महापरिनिर्वाण वर्षानिमित्त, भारत सरकारसाठी बौद्ध धम्माच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासाचा ग्रंथ संपादित केला. त्याच वर्षी नागपूरला काय झाले ते सांगायला नकोच.

१९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या खेपेस थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेतले. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. म्हणजे घर पुन्हा दुभंगले, पण पहिल्यासारखे नव्हे. आता पैसे येत होते, पत्रे येत होती, आणि मुले शिकत होती. विशेष हे की, मुलाला नेले तसे मुलीलाही नेले. माणिक १९२२ मध्ये तिथल्या रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाली. दामोदर पुढे १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. परदेशी नोकरीचा खरा लाभ मुलांच्या शाळेत आहे, बँकेत कमी, हे कोसंबींच्या घरात स्पष्ट दिसते. तुम्ही मुलाच्या परदेशासाठी कर्ज काढता तेव्हा मुलीच्या नावाने किती काढाल, हेही एकदा घरात बोलून पाहा.

त्यानंतरची वर्षे धावती सांगतो. १९२२ पासून काही वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात. १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्ड. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या लेनिनग्राड शहरात, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, पाली शिकवण्यासाठी. अमेरिकेतच त्यांना समाजवादाची ओढ लागली होती. कामगारांचे राज्य म्हणतात ते कसे असते हे डोळ्यांनी पाहण्याची संधी त्यांनी सोडली नाही. १९३० मध्ये परत येताच मिठाच्या सत्याग्रहात सामील होऊन तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाचे काम हातावेगळे केले. एका माणसाने एका ग्रंथासाठी चार वेळा समुद्र ओलांडला. अशी चिकाटी आम्ही दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही.

त्यांचा मार्ग आणि बाबासाहेबांचा मार्ग एक नव्हता, हे स्वच्छ लिहिले पाहिजे. कोसंबींनी गांधीजींवर श्रद्धा ठेवली. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्या वर्षी कोसंबींचे 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' प्रसिद्ध झाले. ब्राह्मणी परंपरेची त्यात त्यांनी कठोर चिकित्सा केली, पण धर्मांतराचा राजकीय आणि सामाजिक अर्थ त्यांनी तसा मांडला नाही. १९३७ मध्ये मुंबईत परळ येथे कामगारवस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभारला, तोही बिर्लांच्या देणगीतून. गिरणीत राबणाऱ्या आपल्या माणसांच्या दारात विहार आला ही गोष्ट चांगली. पण दुसऱ्याने बांधून दिलेला विहार आणि आपण वर्गणी काढून उभारलेला विहार यांत फरक असतो. १९३९ मध्ये ते तिथून बाहेर पडले.

तरीही एका ठिकाणी ही दोन माणसे फार जवळ येतात. 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ च्या मराठी ग्रंथात कोसंबींनी जुन्या पाली सुत्तांचा आधार घेऊन विचारले की, म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एका तरुण राजपुत्राने एकाएकी घर सोडले, हे खरे मानायचे का? एकोणतीस वर्षे त्याने म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता? त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे, शस्त्र उचललेल्या माणसांची एकमेकांवरील चढाई पाहून आलेल्या उद्वेगाकडे बोट दाखवले. आता बाबासाहेबांचा, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. पहिल्याच भागात तुम्हाला रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ भेटेल. बाबासाहेबांनी तो प्रसंग संघाची सभा, मतदान आणि देशत्याग असा आपल्या पद्धतीने मांडला, त्याला सामाजिक तर्काची धार दिली. पण कथेतला तो म्हातारा आणि ते प्रेत बाजूला सारून पाण्याच्या तंट्याशी थांबण्याचे धाडस मराठीत त्यापूर्वी कोसंबींनी केले होते. मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची भांडणे होतात आणि जिथे कालपर्यंत आपल्याला आडावर चढू दिले जात नव्हते, तिथल्या माणसाला ही कथा लगेच पटते.

हेच आमचे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोसंबी आपले नेते नव्हते. आपल्या लढ्यात ते नव्हते. परंतु ज्या मूळ वचनांवर आपण आज वंदना म्हणतो, ती मराठी माणसाच्या हाती आणून देणारा तो शिक्षक होता, आणि त्यासाठी कोलंबो, रंगून, बॉस्टन, लेनिनग्राड असा प्रवास त्याने केला. शिक्षकाचे ऋण मानण्यास जात आड येऊ नये.

त्यांच्या शेवटाविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. शरीर थकले, आपला कुणास उपयोग नाही, तर अन्नाचा भार का व्हावे, असा विचार करून त्यांनी उपवासाने देह ठेवण्याचे ठरवले. १९४६ मध्ये सुरू केलेला उपवास गांधीजींच्या सांगण्यावरून सोडला, पण पुढे सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा तोच मार्ग धरला आणि ४ जून १९४७ रोजी ते गेले. या अखेरच्या काळात त्यांच्यावर पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा प्रभाव होता. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये, मृत्यूनंतर आले. तथागतांनी देहदंडाचा अंत आणि भोगाचा अंत दोन्ही सोडून मध्यम मार्ग सांगितला. उपाशी राहणे ज्यांच्या नशिबी जबरदस्तीने आले त्या आपल्या लोकांना स्वेच्छेच्या उपासाचे कौतुक फारसे वाटणार नाही. त्यांच्या निश्चयाचा आदर ठेवूनही आम्ही हे लिहितो.

आपल्या उदगिरातल्या वाचकांसाठी दोन शब्द. १९४८ पर्यंत इथे निजामाची सत्ता होती आणि वरचे शिक्षण उर्दूत होते. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, ज्याला पुढे नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव मिळाले. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या शिक्षकांपैकी कितीतरी जण त्या मिलिंदमधून बाहेर पडले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगिरात विश्वशांती बुद्ध विहाराचे उद्घाटन झाले. विहार भव्य आहे. रविवारी तिथे वंदनेनंतर तासभर पालीचा वर्ग भरवता येईल का, याचा आपल्या कार्यकर्त्यांनी विचार करावा. कोसंबींनी तयार करून ठेवलेली सामग्री मराठीतच आहे. ज्या मुलाला थायलंडला किंवा श्रीलंकेला शिकवायला जायचे आहे, त्याने तिथल्या लोकांच्या विहारात बसून त्यांच्याबरोबर तीच गाथा म्हटली, तर घरमालकापासून मुख्याध्यापकापर्यंत त्याच्याकडे बघण्याची नजर बदलेल. हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहून मिळत नाही.

राहता राहिली विसुद्धिमग्गाची गोष्ट. हार्वर्डच्या छापखान्यात तो ग्रंथ वर्षानुवर्षे रखडला. कोसंबी वाट पाहत बसले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून त्याची देवनागरी आवृत्ती काढून मोकळे झाले, त्यामुळे आपल्याकडचा विद्यार्थी रोमन लिपीवर अवलंबून राहिला नाही. वुड्स १९३५ मध्ये गेले, लॅनमन १९४१ मध्ये गेले, कोसंबी १९४७ मध्ये गेले. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड म्हणून विसुद्धिमग्ग अखेर १९५० साली बाहेर पडला. त्याच्या मुख्य पानावर संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन यांचे नाव आहे, आणि त्याखाली, ग्रंथ सुधारून पुरा करणारा म्हणून, धर्मानंद कोसंबी यांचे.